काळोखाचा अर्ज

पंचायतीची समई माझ्या ताब्यात असते.
पितळेची, साडेतीन किलो, एक पाकळी वाकलेली,
डेडस्टॉक रजिस्टर, पान अकरा.
मी वायरमन केळुसकर. पण उद्घाटन म्हटलं की
वाती माझ्याकडे, तेल माझ्याकडे,
वाराही जणू माझ्याच ताब्यात.

निवतळ बंदरावर हायमास्ट आला तेव्हा
खारं वारं सुटलं होतं.
साहेबांनी काडी ओढली. विझली.
सभापतींनी ओढली. विझली.
फोटोवाला म्हणाला, नुसता हात धरा, मी घेतो सांभाळून.
शेवटी शेवंती तारीने डोक्यावरची पाटी उतरवून
वाऱ्याला आडवी धरली
आणि पाची वाती लागल्या, बांगड्याच्या वासात.
फोटोत पाटी नाही. शेवंती नाही.
ज्योत आहे, आणि साहेबांचा अंगठा.

मग बटण.
दुपारचे साडेबारा वाजले होते;
दिवे लागले की नाही ते कळेना,
सगळ्यांनी कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं
आणि विश्वासाने टाळ्या वाजवल्या.

चार महिने उजेड होता, खोटं नाही सांगत.
पहाटेच्या लिलावात बायकांना पहिल्यांदा दिसलं
काटा कुठे थांबतो
आणि व्यापाऱ्याचा अंगठा कुठे.
त्या चार महिन्यांत बांगडा वजनाला भरू लागला.

मग बिल.
पंचायतीने बंदर खात्याला लिहिलं,
बंदर खात्याने मत्स्य खात्याला,
मत्स्य खात्याने पंचायतीला.
पत्रांची भाषा चांगली होती.
मार्चात माझ्याच हातांनी जोडणी तोडली.
खांबावरचा फलक तेवढा सोलरवर, तो राहिला.
रात्रभर साहेबांचं नाव वाचता येतं,
खालची शेवाळलेली पायरी दिसत नाही.
हलिमाबी सोलकर त्या पायरीवरूनच गेली,
मनगट मोडलं, सुरमई परत पाण्यात.

आणि समोर, बारा वावांच्या पलीकडे,
रोज रात्री एक शहर वसतं.
एलईडीच्या बोटी. जनरेटरची घरघर
वारा पडला की माझ्या ओटीवर येते.
तिथे पाणी दिवसासारखं पांढरं,
मासा भुलून वर येतो, अंडी पोटात घेऊन,
पिल्लं पाठीशी घेऊन,
एकदम सगळं घराणंच.

दाजी कुबल सांगतो, अवसेच्या रात्री
बांगड्याचा थवा निघाला की पाणीच पेटायचं,
हिरवट, आतून;
रापणीला दुसरा दिवा लागला नाही कधी.
आता पोरांना दाखवायला
तेवढा काळोखच उरला नाही.

म्हणून मालवणच्या कचेरीवर मोर्चा नेला,
भर उन्हात, हातात न पेटवलेले कंदील.
साहेब बाहेर आले. काय पाहिजे? लाइट?
दाजी म्हणाला,
"उजेड नको सायबानू, आमी काळोख मागूक इलंव."
कारकुनाने अर्ज तीनदा वाचला.
उजेडासाठी लेखाशीर्ष होतं,
दुरुस्तीसाठी होतं, खांब रंगवण्यासाठीसुद्धा.
काळोख कुठल्या टेबलावर जातो
हे कुणालाच माहीत नव्हतं.
आवक क्रमांक पडला. कंदील परत आले,
बाबल्याच्या टेंपोत काचा वाजवत.

शेवंती त्या मोर्चात नव्हती.
म्हणाली, "तुमी समुद्रात काळोख मागा,
माका हय दिवो होयो."
दोघांचं खरं होतं.
मी वायरमन, मला दोन्हीकडून अर्ज.

काल रात्री शिडी लावली.
फलकावरचा दिवा, पॅनेल, बॅटरी उतरवली,
पायरीच्या वर, लिलावाच्या कट्ट्याला बांधली तारेने.
विचारलं तर तांत्रिक बिघाड,
तो शब्द आमच्या खात्यात कधीच विझत नाही.
साहेबांचं नाव आता अंधारात आहे;
दाजीला निदान तेवढा काळोख मिळाला.
समोरचं शहर तसंच जळत होतं.

चारला शेवंती आली. दिव्याकडे पाहिलं नाही,
माझ्याकडे तर नाहीच. तराजू मांडला
आणि म्हणाली,
"वायच डावीकडे घे. काट्यार पडांदे."